चौथा पाय

कुत्र्याला तीन पायांवर जगता येतं, आणि नेमकं हेच त्याच्या चौथ्या पायाच्या मुळावर येतं.

उभ्या कुत्र्याच्या वजनापैकी साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि ४० टक्के मागच्या दोन पायांवर. म्हणजे मागच्या एका पायाच्या वाट्याला जेमतेम पाचवा हिस्सा येतो. तेवढा भार बाकीच्या तिघांवर ढकलायला त्याला फार दिवस लागत नाहीत. पाय मोडला की ते आधी उभं राहायला शिकतं, मग चालायला, आणि थोड्याच दिवसांत तीन पायांवर पळायलाही लागतं. पाहणारा म्हणतो, चला, सुधरलं. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव, कुठल्याही स्टँडवर उतरा; चहाच्या टपरीपाशी एक पाय उचलून धरलेलं एखादं कुत्रं दिसतंच. त्यातल्या काहींच्या पायाला मी हात लावून पाहिला आहे. हाड पक्कं जुळलेलं, पण गुडघा काठीसारखा ताठ आणि मांडी वाळून गेलेली. ज्या पायाचं हाड जुळलं तो पाय असा फुकट जावा, याची मला फार हळहळ वाटते. म्हणूनच हे लिहिते आहे.

आमची तांबी गावठीच. रंगावरून नाव पडलेलं. पोळा होऊन गेल्यावर, रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जाताना मोटारसायकलचा धक्का बसला आणि तिच्या मागच्या उजव्या पायाची नडगी मोडली. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढायला पुढे जळगावला जावं लागलं. मोड मधोमध होती, हाड कातडी फोडून बाहेर आलं नव्हतं, टोकं फारशी सरकली नव्हती. डॉक्टर म्हणाले, वय वर्षाच्या आत-बाहेरचं आहे, प्लास्टरवर भागेल.

आता प्लास्टरचा नियम असा की मोडलेल्या हाडाच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा, दोन्ही बांधावे लागतात, तरच हाड हलत नाही. नडगी मोडली म्हणजे गुडघाही बंद आणि घोटाही बंद. इथे एक सांगून ठेवते. कुत्र्याच्या मागच्या पायाला मागे टोक काढलेला जो सांधा दिसतो, ज्याला आपण पुष्कळदा ‘उलटा गुडघा’ समजतो, तो खरा घोटा असतो. गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि आपल्यासारखाच पुढे असतो. हे नीट कळल्याशिवाय पुढचं काही करता येत नाही, कारण वाकवायचा कोणता आणि कुठवर, इथूनच घोळ सुरू होतो.

भादव्याचा पाऊस आणि प्लास्टर यांचं मुळीच जमत नाही. बाहेर नेताना पायावर प्लास्टिकची पिशवी, घरात आल्यावर लगेच काढायची, नाहीतर आत घाम धरतो. डॉक्टरांनी मधल्या दोन बोटांची नखं उघडी ठेवली होती. रोज सकाळी ती बघायची: बोटं फाकली आहेत का, गार पडली आहेत का, वास येतो आहे का. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे दिवस सगळ्यांना कठीण वाटतात, पण ते तसे सोपे असतात. बसून राहायचं असतं एवढंच. कठीण काम पुढे असतं.

लहान कुत्र्याचं हाड लवकर सांधतं. पिल्लाचं महिन्याभरातही जुळतं, मोठ्या कुत्र्याला दोन-तीन महिने लागतात. तांबीचं प्लास्टर दिवाळीच्या आधी निघालं. एक्स-रे चांगला होता. पण आतून जो पाय बाहेर आला तो बघून घरात सगळे गप्प झाले. डाव्या मांडीच्या मानाने उजवी निम्मी वाटत होती. खाली ठेवलं तर तिने तो पाय टेकवलाच नाही. तीन पायांवर सरळ ओट्याकडे गेली. शेजारच्या आजी दारातून म्हणाल्या, “हाड जुडी गयं ना व माय, आते काय ऱ्हायनं? भाकर तं खास ना ती!”

आजींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे माणसाचाही हिशेब असाच असतो. हाड जुळलं, कामाला लागा. केळीच्या बागेत घसरून पाय मोडलेला सालदार प्लास्टर निघाल्यावर जो लंगडत जातो तो पुढे वर्षभर लंगडतच राहतो, आणि कोणी त्याला गुडघा वाकवायला लावत नाही. मग कुत्र्याला कोण लावणार?

हाड जुळत असताना त्याच्या अवतीभवती काय चाललेलं असतं, हे आधी समजून घ्यायला हवं. स्नायूवर भार आला नाही की तो काही दिवसांतच झिजू लागतो, आणि सर्वांत आधी झिजतात ते उभं राहायला लागणारे, म्हणजे मांडीचा पुढचा मोठा स्नायू. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला, दाब आला-गेला की भोवतालच्या वंगणातून तिला अन्न मिळतं. सांधा बंद म्हणजे तिची उपासमार. सांध्याभोवतीची पिशवी आखडते. जखमेच्या जागी तंतू धरतात आणि एकमेकांवर सरकणारे थर चिकटतात. हाडसुद्धा विरळ होतं. ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये मांडलं होतं की हाड त्याच्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. भार काढून घेतला की ते घडणंही थांबतं. या सगळ्या दुखण्याला डॉक्टर मंडळी ‘फ्रॅक्चर डिसीज’ म्हणतात. १९५८ साली स्वित्झर्लंडमधल्या काही शल्यविशारदांनी एकत्र येऊन हाडं पट्ट्या-स्क्रूने घट्ट बसवण्याची जी पद्धत पुढे नेली, तिचा एक मोठा हेतू हाच होता: हाड इतकं पक्कं बसवावं की रुग्णाला लवकर हलता यावं. पुढे हीच पद्धत जनावरांच्या शस्त्रक्रियेतही आली.

यातला सर्वांत वाईट प्रकार पिल्लांमध्ये होतो. मांडीचं हाड गुडघ्याजवळ मोडलं आणि पाय ताठ ठेवून बांधून टाकला, तर पुढचा स्नायू त्या जुळणाऱ्या हाडालाच चिकटतो. मग गुडघा वाकत नाही. पाय मागे ताणलेला राहतो, पंजा फरफटत जातो. एकदा तसं पक्कं झालं की शस्त्रक्रियेनेही फारसं हाती लागत नाही. म्हणून पिल्लाची मांडी मोडली असेल तर गावातल्या कोणाकडून कामट्या बांधून घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कामट्यांनी नडगी एक वेळ धरली जाईल. मांडी धरली जात नाही, कारण वरचा सांधा, खुबा, बांधायला जागाच नसते. उलट कामट्यांचं ओझं मोडलेल्या जागेवर लोंबतं. तिथे शस्त्रक्रियाच लागते, आणि तीही लवकर.

तांबीच्या बाबतीत ही वेळ आली नव्हती. डॉक्टरांनी तिला आडवं केलं, माझे हात धरले आणि कुठे ठेवायचे ते दाखवलं. दवाखान्यात बाहेर बैलं-शेळ्यांची रांग लागलेली असताना त्यांनी एका गावठी कुत्रीसाठी हे शांतपणे केलं, याचं मला अजून अप्रूप आहे.

पहिलं काम शेक. मोडल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर पहिले तीन दिवस सूज असते, तेव्हा गार शेक. गरम शेकाने सूज वाढते. सूज उतरल्यावर, आणि आखडलेल्या पायासाठी, गरम. टॉवेल कोमट पाण्यात भिजवून पिळायचा, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, मग मांडीभोवती गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा. आमच्याकडे तव्यावर मीठ किंवा वाळू तापवून पुरचुंडीने शेकायची सवय आहे. कुत्र्याला ते करू नये. चटका बसला तर त्याला सांगता येत नाही, आणि केसांखाली पोळलेलं लवकर दिसतही नाही.

मग चोळणं. तेल नको, ती चाटते. कोरड्या तळहाताने पंजापासून वर अंगाच्या दिशेने, हलक्या लांब हाताने. थोड्या वेळाने मांडीचा स्नायू अंगठा आणि बोटांमध्ये धरून सावकाश मळायचा. मोडलेल्या जागेवर दाब द्यायचा नाही. हात फिरताना कळत जातं, इथे दोरीसारखं घट्ट आहे, इथे सैल आहे. सुरुवातीला मला काहीच कळत नव्हतं. बोटांना ते हळूहळू उमगलं.

आणि मग सांधा हलवणं. चांगल्या कुशीवर निजवायचं, म्हणजे दुखरा पाय वर येतो. एक हात सांध्याच्या वर, एक खाली. दोन्ही हात सांध्याच्या जवळ, म्हणजे हाडाला पीळ पडत नाही. सावकाश वाकवायचं, जिथे अडेल तिथे थोडा वेळ थांबायचं, सावकाश सरळ करायचं. दहा ते पंधरा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. गुडघा झाला की घोटा, मग सगळा पाय सायकल चालवल्यासारखा. शेवटी बोटांच्या मधल्या जागेत हलकी गुदगुली. त्याने ती पाय स्वतः ओढून घेते, आणि स्वतः ओढलेला एक पाय मला माझ्या हाताने वाकवलेल्या दहांपेक्षा मोलाचा वाटायचा. निरोगी लॅब्रॅडॉरचा मागचा गुडघा पूर्ण वाकला की साधारण ४० अंशांपर्यंत मिटतो आणि ताणला की १६० अंशांच्या आसपास उघडतो. तांबीचा गुडघा काटकोनाच्याही अलीकडे अडत होता.

कुठे थांबायचं हे कुत्रंच सांगतं, आपण त्याच्या तोंडाकडे बघत असलो तर. ओरडणं ही फार शेवटची पायरी. त्याआधी ते ओठ चाटतं, जांभई देतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, श्वास रोखतं, मान वळवून आपल्या हाताकडे बघतं. तिने मान वळवली की मी तिथून एक बोटभर मागे यायचे. जोर लावून सांधा उघडायचा मोह होतो, विशेषतः घरातल्या पुरुषांना; ‘जरा दाब ना, सुटेल’. सुटत नाही. आतले तंतू फाटतात, पुन्हा सूज येते, आणि फाटलेलं भरताना आणखी घट्ट धरतं. शिवाय कुत्रं दुसऱ्या दिवशी टॉवेल बघूनच खाटेखाली जातं. त्याचा विश्वास गेला की उपचार संपला.

दुखू नये म्हणून गोळी द्यावी का? डॉक्टरांनी दिलेली, त्यांनी सांगितलेल्या मापाने, खाऊ घातल्यावर, जरूर द्यावी. कळ कमी असली तरच पाय हलतो. पण मेडिकलमधून माणसाची गोळी आणून भाकरीत चुरून देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं बिघडतात. पॅरासिटामॉल त्याच्या यकृताला आणि रक्ताला सोसत नाही. डायक्लोफेनॅक तर आपल्या देशात २००६ पासून जनावरांसाठी बंदच आहे, कारण ते दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं संपत गेली. माणसाला चालतं ते सगळ्यांना चालेल, हा समज किती महाग पडतो याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आडवं करून हलवलेला पाय म्हणजे अर्धंच काम. स्नायू भरतो तो स्वतः उचललेल्या भाराने. इथे तांबीचं शहाणपण पुन्हा आडवं आलं. मोकळी सोडली की ती तीन पायांवर पळायची. पळताना चौथा पाय टेकवायची गरजच पडत नाही. सावकाश चालताना पडते. म्हणून तिला सुती दोरावर, अगदी संथ, सासूबाईंच्या देवळात जाण्याच्या चालीने चालवायचं. सुरुवातीला पाच-सात मिनिटं, मग थोडं थोडं वाढवत. पहिले काही दिवस जुन्या लुगड्याची पट्टी पोटाखालून घेऊन मागचं अंग सावरून धरलं. घरातल्या गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरली, कारण एकदा घसरली की ती दोन दिवस पाय टेकवत नसे. शेणाने सारवलेलं अंगण यासाठी फारच चांगलं.

अंगणात तुराट्या आडव्या ठेवल्या, एकेक पावलाच्या अंतराने. त्या ओलांडताना प्रत्येक पाय उचलावा लागतो, गुडघा वाकवावा लागतो. मोठ्या शहरातल्या प्राण्यांच्या फिजिओथेरपीत रंगीत दांड्या लावून हेच करतात. बसवून उठवणं, पुन्हा बसवणं, हाही तसाच व्यायाम. भाकरीचा तुकडा हातात ठेवला की पुरतं. उभी असताना कमरेला हलकासा धक्का देऊन भार इकडून तिकडे करायचा. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत. लागतो तो वेळ, आणि ठरलेल्या वेळी करायची शिस्त. कपाशीची वेचणी चालू असताना तो काढणं सोपं नव्हतं. सकाळचं मी करायचे, संध्याकाळचं मुलगा.

पुस्तकांत पाण्याखालच्या चालत्या पट्ट्याचं, म्हणजे पाण्यातल्या ट्रेडमिलचं, फार कौतुक असतं. त्यामागचं कारण साधं आहे: पाणी अंग उचलून धरतं. मोजून पाहिलेलं आहे की पाणी घोट्यापर्यंत असेल तर कुत्र्याच्या पायांवर त्याच्या वजनाच्या सुमारे ९१ टक्के भार येतो, गुडघ्यापर्यंत असेल तर ८५ टक्के, आणि खुब्यापर्यंत आलं की फक्त ३८ टक्के. भार कमी, पण पाण्याला रेटत पुढे जावं लागतं म्हणून स्नायूला काम जास्त. असलं यंत्र आमच्याकडे कुठून येणार? पण रब्बीसाठी गिरणेच्या कालव्याचं आवर्तन सुटलं की शेताच्या चारीला पाणी असतं. चारी अरुंद, तळ मातीचा, ओढ कमी. भर दुपारी, ऊन तापलेलं असताना, तिथे तिला चालवलं. सकाळी नाही, गार पाण्याने स्नायू आखडतो. मोठ्या कालव्यात कुत्र्याला कधीच उतरवू नये, तिथली ओढ माणसालाही धरू देत नाही. चारीत पहिल्यांदा तिने चारही पाय क्रमाने टाकले तेव्हा मुलगा बांधावरून ओरडला. मीही ओरडले.

याच सुमाराला कपाशीच्या रानात ठेलारींची मेंढरं बसली होती. ठेलारी वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागे चालतात, आणि त्यांची कुत्री त्यांच्याबरोबर. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी तांबीला जवळ बोलावलं, मांडी चाचपली, घोटा वाकवून पाहिला. मला म्हणाले, “चढवर चालाड हिले, हळू हळू.” आणि कालव्याच्या भरावाकडे बोट दाखवलं. चढावर अंगाचा भार मागे सरकतो, मागच्या पायांना रेटावंच लागतं. सपाटीवर अंग चोरता येतं, चढावर येत नाही. हे मी नंतर वाचलं. बाबांना ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या चालण्यातून माहीत होतं. उताराला मात्र पुढच्या पायांवर भार जातो, म्हणून येताना आम्ही लांबून, सपाट वाटेने यायचो. भराव चढायला लागल्यानंतर मांडीचा फरक झपाट्याने दिसू लागला. शिलाईच्या टेपने मी दोन्ही मांड्या एकाच जागी मोजत होते आणि मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत होते.

खाण्याचं थोडक्यात. नुसती भाकरी-दूध पुरत नाही, स्नायूला प्रथिनं लागतात. उकडलेलं अंडं द्यावं. वजन वाढू देऊ नये. कॅल्शियमच्या बाटल्या मनाने पाजू नयेत, मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लांना जादा कॅल्शियम उलट बाधतं.

आणि काही वेळा हात लावायचाच नसतो. पाय गरम लागतो, जखम पाझरते, मोडलेली जागा हलते किंवा वाकडी दिसते, काल टेकवत होतं ते आज एकदम टेकवत नाही: तर सगळं थांबवून डॉक्टर. पंजा उलटा पडून त्याच्या पाठीवर चालत असेल तर दुखणं बहुधा नसेचं असतं, त्याचा उपचार निराळा. सांधा वाकवताना हाडाला हाड अडल्यासारखं लागलं तर तेही चोळून जाणारं नव्हे.

मला खरी चिंता वाटते ती धन्याविना असलेल्या कुत्र्यांची. आता गावोगावची मुलं जखमी कुत्र्यांना उचलतात, वर्गणी काढतात, शस्त्रक्रियाही करवून घेतात. या मुलांविषयी मला मनापासून आदर आहे. पण टाके निघाले की कुत्रं पुन्हा रस्त्यावर, आणि जिथे खरं काम सुरू व्हायचं तिथे सगळे पांगतात. वर्गणी ठरवतानाच पुढच्या दोन महिन्यांसाठी एक अंगण आणि दोन माणसं ठरवावीत, असं मी भेटेल त्याला सांगते. अंगण सापडतं. आमच्या गल्लीत आजींनीच दिलं, एका काळ्या पिल्लासाठी.

तांबी आता चार पायांवर पळते. उजवी मांडी अजून थोडी बारीक आहे, गुडघा डाव्याइतका मिटत नाही, आणि मार्गशीर्षातल्या थंडीत सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं ती जपून टाकते. त्या दिवसांत शेक आणि चोळणं चालू असतं. आजींच्या अंगणातल्या काळ्याचं प्लास्टर अजून निघायचं आहे. ज्या पोराने त्याला उचलून आणलं त्याला मी सांगून ठेवलं आहे, काढायच्या दिवशी मलाही दवाखान्यात ने, टेप बरोबर घे, आणि गुडघा किती वाकतो ते डॉक्टरांसमोरच बघून वहीत लिही.